हात काखेत, नजर तोंडाकडे

३ नोव्हेंबर, सोमवार

नोंद करून ठेवतो, पुढे कुणी विचारलं तर पुरावा असावा. आज सकाळी सव्वानऊ वाजता माझं टेबल भिंतीला लावण्यात आलं. एकोणीस वर्षं जे टेबल माझ्या आणि जगाच्या मधे उभं होतं, ते आता माझ्या पाठीमागे आहे. कारण, पुण्याहून आलेल्या ट्रेनर मॅडमच्या मते साहेब आणि कामगार यांच्यामध्ये टेबल असणं हा अडथळा. त्यामुळे मी आता उघड्यावर, गुडघे जगाला दाखवत, बशी मांडीवर घेऊन बसलो आहे. चहा ठेवायचा कुठे, याचं उत्तर त्यांच्या पुस्तिकेत नाही. पँटवर डाग पडला. आकार साधारण पुणे जिल्ह्यासारखा, शिरूरच्या बाजूला किंचित फुगलेला.

विषय: नेतृत्व आणि देहबोली (यापुढे दे.बो., वहीची पानं कमी उरलीत). दोन दिवस. सगळे सेक्शन इन-चार्ज, आणि प्रत्येक सेक्शनमधून दोन ऑपरेटर. माझ्या सॉल्व्हंट सेक्शनमधून नामदेव आणि रामबचन.

संध्याकाळी मी टेबल भिंतीपासून पुन्हा जागेवर ओढलं. एकट्याने. पाठ धरली.

४ नोव्हेंबर, मंगळ.

टेबल पुन्हा भिंतीला.

मॅडमनी काल आमच्या प्लांटचं शूटिंग केलं होतं, ते पडद्यावर दाखवलं. माझी चौदाच्या चौदा माणसं हात काखेत घालून उभी. मॅडम म्हणाल्या, ‘‘बघा, संपूर्ण टीम बचावात्मक. बंद. आणि हे पाहा, त्यांचे लीडरही तसेच.’’ लीडर म्हणजे मी. हात काखेत, नजर जमिनीकडे, चेहरा सिमेंटचा.

उठून सांगितलं की मॅडम, हा आमच्याकडचा नियम आहे. रिकामा हात सवयीने जवळच्या पाइपवर टेकतो. आमचे काही पाइप इतके तापलेले असतात की हात टेकला की कातडी तिथेच राहते, आणि नुसतं बघून कुठला तापलाय ते कळत नाही. म्हणून काम नसेल तेव्हा हात काखेत. मला हे इथल्या जुन्या ऑपरेटरने, गुंजाळमामांनी शिकवलं, मी आल्यागेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी शिकवतो. मॅडमनी समजूतदारपणे मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. रामबचनने वाकून वाचलं. ‘‘साहब, लिखा है, रेज़िस्टेंट।’’

नामदेवची मात्र तारीफच तारीफ. वडगाव रासाईचा, भीमेच्या काठचा माणूस, नऊ वर्षं माझ्या हाताखाली. मॅडमनी सगळ्यांसमोर उभं केलं. ‘‘हे दोन दिवस प्रत्येक बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत आहेत. समोरचा हसला की हसतात, समोरचा गंभीर झाला की गंभीर होतात. हा जन्मजात लीडर.’’ नामदेव लाजला. मॅडम लाजल्या नाहीत म्हणून त्यानेही मग लाजणं आवरलं.

मलाही बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. शेवटी माणूस आपला.

७ नोव्हेंबर, शुक्र.

नवा तक्ता आला. दर शुक्रवारी प्रत्येक माणसापुढे भरायचा: डोळे, हात, चेहरा, उभं राहण्याची पद्धत. त्यावरून म्हणे ‘मनाचा कल’ काढणार.

भरला. डोळे: अधोमुख. हस्त: कक्षस्थ. मुख: प्रसन्न, वडापावाची वेळ. स्थिती: एकपादाश्रित, कारण दुसऱ्या बुटाचा तळ निघालाय आणि स्टोअरला नवीन बूट नाहीत. असे चौदा.

दुपारी मोठ्या साहेबांचं (मो.सा.) बोलावणं. प्लांट हेड माणूस भला, पण वरून आलेला कागद खाली पाठवणं यालाच तो काम समजतो.

‘‘शास्त्री, कक्षस्थ म्हणजे काय?’’

‘‘काखेत.’’

‘‘मग काखेत लिहा ना.’’

‘‘इंग्रजी तक्ता मराठीत भरलेला चालतो, मग संस्कृतानं काय घोडं मारलंय?’’

‘‘शास्त्री, तुम्ही ना…’’ पुढचं त्यांनी गिळलं.

शास्त्री हे माझं आडनाव नव्हे. अण्णा, म्हणजे माझे वडील, शिरूरला मिशनच्या शाळेत संस्कृत शिकवायचे. रविवारी उपासना, बाकीचे सहा दिवस धातुरूपं. मी केमिस्ट्रीकडे पळालो, पण जीभ तिथेच राहिली. प्लांटवरचं हे नाव आता चर्चच्या मंडळीतही पोचलंय. पाळकसाहेब परवा उपासनेनंतर म्हणाले, ‘‘काय शास्त्रीबुवा, मेणबत्त्या आणल्या का?’’

तक्ता परत आला. पुन्हा भरायचा. नाही भरणार.

११ नोव्हेंबर, मंगळ.

दुसऱ्या पाळीचे इन-चार्ज महिनाअखेरीला निवृत्त होतायत. जागेसाठी मॅडमच्या अहवालातून नाव आलंय: नामदेव. माझी शिफारस-सही झाली की झालं.

पोरगा (पोरगा कसला, बेचाळीसचा आहे) हुशार, व्हॉल्वचा हात हलका, एकदाही चुकीची लाइन उघडलेली नाही. आणि ऐकतो. मी बोलत असलो की माझ्या तोंडावरून त्याची नजर हलत नाही. घरात माझ्याकडे असं कुणी बघत नाही. बायकोला, सुनंदाला हे सांगितलं, तर ती भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, ‘‘असेल, त्याला दुसरं काम नसेल.’’

सही शुक्रवारी करीन. मो.सा.ना तीन दिवस वाट बघू दे. तेवढाच माझा हक्क.

१४ नोव्हेंबर, शुक्र.

सही केली नाही. कारण लिहितो, नीट लिहायला पाहिजे.

अकराच्या सुमारास पंप दोनच्या ग्लँडमधून, म्हणजे दांड्याभोवतीच्या सीलमधून, सॉल्व्हंट सुटलं. थोडंसंच. गॅसचे डिटेक्टर आहेत आमच्याकडे, पण ते लांब, वर बसवलेत. पहिला थेंब सुटतो तो त्यांच्या आधी माणसाच्या नाकाला कळतो. कागदावर नाकाला स्थान नाही. प्रत्यक्षात आमचा प्लांट नाकावर चालतो.

मी जिन्यावर होतो, वरून सगळे दिसत होते. नामदेव पंपाच्या अगदी जवळ, दोन हातांवर. रामबचन त्याच्या पलीकडे, लांब. आधी रामबचनचं नाक मुरडलं. मग पाठीमागच्या दोघांची. नामदेव हातातलं काम करत होता. मग त्याने मान वर केली, रामबचनकडे बघितलं, मागच्यांकडे बघितलं, आणि मग त्याचं नाक मुरडलं. आणि सगळ्यांत मोठ्यानं तोच ओरडला, ‘‘वास येतोय, पंप बंद करा.’’

पंप बंद. काही झालं नाही. मो.सा.नी पाठ थोपटली, ‘‘पाहिलंत, लीडर.’’

रामबचनचं नाक आणि नामदेवचं नाक यांच्या मधे एक श्वास गेला. फक्त एक. पण नामदेव सगळ्यांत जवळ होता.

१७ नोव्हेंबर, सोम.

आज एक गोष्ट केली. अभिमान नाही.

चार नंबरच्या टाकीपाशी नामदेव एकटा होता. जवळ गेलो. वास नव्हता, तिथे आठवडाभर काही चालूच नाही, टाकी धुऊन कोरडी. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि काही न बोलता नाक मुरडलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. लगेच त्याचंही नाक मुरडलं. ‘‘व्हय साहेब. येतोय वास. ग्लँड बघतो.’’

पाना घेऊन कोरड्या टाकीच्या पंपाकडे गेला.

माझे हात काखेतच होते. बरं झालं, नाहीतर कुठे ठेवले असते.

१८ नोव्हेंबर, मंगळ.

त्याची पाळी सुटल्यावर म्हटलं, आज तुझ्या गाडीवर येतो चौफुल्यापर्यंत. का, ते त्याने विचारलं नाही. हायवेला रस्त्याकडेच्या गुऱ्हाळापाशी थांबवलं. कढईत रस उकळत होता, तो वास लांबूनच अंगावर येतो. रस घेतला, दोन ग्लास, आलं घालून.

म्हटलं, ‘‘वास कसा सुटलाय बघ.’’

त्याने ग्लास खाली ठेवला. ‘‘काल टाकीपाशी वास नव्हताच, न्हवं का साहेब?’’

‘‘नव्हता.’’

कढईकडे बघितलं. मग म्हणाला, ‘‘ह्यो वास मला आठवतोय. येत न्हाई.’’

मागच्या वर्षी त्याला दहा दिवस ताप होता, तेव्हा वास गेला तो परत आलाच नाही. डॉक्टर म्हणाला, येईल हळूहळू. बायकोला माहीत आहे, ती भाकरी करपली तर आधी सांगते. कंपनीच्या मेडिकलचं विचारलं. ‘‘डोळं बघत्यात, कान बघत्यात, नळीत फुंकाया लावत्यात. नाक कोन बघतंय?’’

‘‘आणि पंपाजवळ?’’

‘‘तेरा जन हायेत की. तेरा जनांची नाकं माझीच हायेत. माझ्या हातनं एक तरी चूक झाली का, तुमी सांगा.’’

झाली नाही. हे खरं आहे आणि हेच वाईट आहे.

म्हटलं, ‘‘दुसऱ्या पाळीला तू इन-चार्ज. तिथली माणसं नवी, निम्मी ठेक्याची. त्यांना काही शंका आली तर ती तुझ्या तोंडाकडे बघणार. आणि तू त्यांच्या.’’

गुऱ्हाळवाल्याने विचारलं, ‘‘अजून देऊ का?’’ दोघांनीही मान हलवली, एकाची हो, एकाची नाही. त्याने एकच ग्लास भरला.

मग नामदेव म्हणाला, ‘‘साहेब, नऊ वर्सं दुसऱ्यानं सांगितलेला व्हॉल्व फिरवला. एकदा तरी कुनी मला इचारून व्हॉल्व फिरवावा, एवढंच हाय. तुमी काय बोलू नका. सही तेवढी करा.’’

बोलणार नाही म्हणालो. सही करीन असं म्हणालो नाही. त्याने फरक ओळखला. मला चौफुल्याला सोडलं, ‘येतो’ न म्हणता गेला.

परतायला दौंडची एस.टी. पाऊण तासाने.

२१ नोव्हेंबर, शुक्र.

मो.सा.: ‘‘सही?’’

‘‘नाही करत.’’

‘‘कारण?’’

‘‘माझं मत.’’

‘‘मत हे कारण नव्हे. शास्त्री, तुम्हाला त्या ट्रेनिंगचा राग आहे.’’

‘‘आहे. त्याचा याच्याशी संबंध नाही.’’

‘‘स्वतःचा माणूस. तुमच्याच तालुक्यातला. लोक काय म्हणतील?’’

‘‘पॅकिंगला घ्या त्याला इन-चार्ज म्हणून. आज सही करतो, दोन ठिकाणी करतो.’’

‘‘पॅकिंगला जागा नाही.’’

मग त्यांनी मॅडमची पुस्तिका काढली आणि मला, खरंच, मला सांगितलं की तुम्ही आत्ता हात बांधून बसला आहात. मी म्हटलं, होय सर, आणि सोडणार नाही.

लेखी खुलासा मागितलाय. देतो. ‘वैयक्तिक मत’ एवढे दोन शब्द, कंपनीच्या लेटरहेडवर, तारखेसह. हवा तर शिक्का मारून.

सेक्शनमध्ये वारा फिरला. जेवणाच्या सुट्टीत माझ्या पाठीमागे कुणीतरी म्हणालं, ‘‘शिकलेल्याला दुसऱ्याचं बरं बघवत न्हाई.’’ वळलो नाही. आवाज ओळखला होता, ओळखायचा नव्हता.

नामदेव समोरून गेला. नमस्कार केला, पण बघितलं माझ्या खिशाच्या पेनाकडे. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

२४ नोव्हेंबर, सोम.

रविवारभर विचार केला, गाणं चुकवलं दोनदा. नाताळच्या गाण्यांचा सराव चालू आहे, मी खर्जाच्या आवाजात, म्हणजे जिथे चुकलेलं लपतं तिथे.

आज मो.सा.ना लेखी दिलं: वार्षिक मेडिकलमध्ये नाकाची तपासणी घाला. सगळ्यांची. माझ्यापासून सुरुवात. लिंबू, हिंग, कापूर, लवंग, चार बाटल्या, डोळे बांधून. खर्च नाही.

हसले. ‘‘नाक तपासायचं? सर्दी झाली की निलंबित करायचं का?’’

‘‘पाळीपुरतं बाजूला ठेवायचं. गॅसचा डिटेक्टर बिघडला तर आपण तेच करतो.’’

हसणं थांबलं. माणूस भला आहे, मी म्हटलं होतं. कंपनीच्या डॉक्टरांना फोन लावला. तीन डिसेंबर, बुधवार. नेमणूकही तोपर्यंत थांबवली. ‘‘पण शास्त्री, बुधवारी सगळं ठीक निघालं तर तुम्ही सही करणार.’’

‘‘करणार.’’

स्वतःवर खूश होतो. वचनही पाळलं, कुणाचं नाव घेतलं नाही, आणि काम झालं. ही खुशी जेमतेम पाच मिनिटं टिकली. गेटपाशी नामदेव भेटला, बातमी माझ्याआधी तिथे पोचली होती.

‘‘साहेब, तुमी न बोलता बोललात.’’

तिथेच उभा राहिलो. म्हटलं, ‘‘हो. आणि पुन्हा बोलेन. तुझ्या नाकापेक्षा तुझा जीव मोठा आहे. आणि पाळीतल्या सगळ्यांचेही.’’

‘‘माझा जीव मी बघीन,’’ म्हणाला. गाडीला किक मारली. दोनदा लागली नाही. तिसऱ्यांदा लागली, तोवर आम्ही दोघं तसेच.

२८ नोव्हेंबर, शुक्र.

तक्ता कोरा दिला. आता कुणी विचारतही नाही.

दुपारी रामबचन रजेचा अर्ज घेऊन आला. अर्जावर सही झाली तरी हलेना.

‘‘साहब, एक बात बोलूँ? बुरा मत मानिएगा।’’

‘‘बोल.’’

‘‘नामदेव भाऊ की नाक का हमको मालूम है।’’

‘‘हमको म्हणजे?’’

‘‘सबको। पिछली होली से।’’

मग सगळं सांगितलं, कामाची पद्धत समजावून सांगावी तसं. मागच्या होळीपासून पहिल्या पाळीत नियम आहे: ज्याला वास येईल त्याने आधी नामदेवकडे तोंड करायचं, नाक मोठं मुरडायचं, लांबून दिसेल एवढं मोठं. नामदेव पंपापाशी असला तर एकाने कायम त्याच्या नजरेसमोर राहायचं. कुणी राहायचं ते सकाळी चहाला ठरतं. त्या शुक्रवारी ग्लँड सुटला तेव्हा रामबचनची बारी होती. मी जिन्यावरून जे बघितलं आणि ‘सापडलं’ म्हणून वहीत लिहिलं, ते मुळात त्यांनी बसवलेलं होतं. आणि मला इतके महिने वाटत होतं, उत्तरेकडच्या माणसाचा चेहराच बोलका असतो.

‘‘बुधवारी काय करणार?’’

‘‘हो जाएगा, साहब। आँख पर पट्टी रहेगी तो खाँसी है न। नींबू का एक, हींग का दो…’’

‘‘आणि दुसऱ्या पाळीला?’’

‘‘हम चार जन उसके साथ सेकंड में जाएँगे। अर्ज़ी तैयार है।’’ खरंच होती, खिशात, चार घड्या; काढून माझ्या हातात दिली.

मला राग यायला हवा होता. आला नाही. एवढी शिस्त मी त्यांना एकोणीस वर्षांत लावू शकलो नाही, आणि ही त्यांनी स्वतःहून लावून घेतली, चहाच्या टपरीवर.

विचारलं, ‘‘मला का नाही सांगितलं?’’

त्याने हात काखेत घातले. जमिनीकडे बघितलं.

‘‘आपको बोलते तो आप लिख देते।’’

३० नोव्हेंबर, रवि.

उपासनेहून आलो. सुनंदा म्हणाली, आज तुम्ही प्रार्थनेत डोळे उघडे ठेवले होते. तिने ते कसे बघितले, हे विचारलं नाही.

ठरलंय ते लिहितो. बुधवारी तपासणी होणार. एकेक जण आत, दार बंद, आत फक्त डॉक्टर. बाहेर कितीही खोकू देत. पहिला मी. मी नापास झालो तर मी बाजूला, तेही लिहून दिलंय. मो.सा. म्हणाले, हे जरा जास्त होतंय. होऊ दे. रामबचनला काल फोन करून हे सांगितलं; आधी सांगितलं, नंतर कळायला नको. तो ‘जी साहब’ म्हणाला, त्या जीचा अर्थ लागला नाही. नामदेवला दोन फोन केले, उचलला नाही. तो बुधवारी येईल, रजा टाकेल, की चौघांना घेऊन माझ्या दारात उभा राहील, माहीत नाही. आला तर त्याच्यासाठी पॅकिंगचं पुन्हा भांडेन, मो.सा. कंटाळेपर्यंत. चौघांची अर्जी माझ्याकडेच आहे. पुढे पाठवलेली नाही, फाडलेलीही नाही.

हे झालं सगळं वर वर. जे खरं टोचतंय ते वहीत एकदा साध्या भाषेत लिहितो.

नामदेवच्या नाकाची भीती वाटते, पण तिच्यावर इलाज आहे. एका वासाच्या जागी तेरा माणसं उभी राहतात हे मी बघितलं. भीती वाटते ती माझी. चौदा माणसं रोज माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी तक्ते नाकारले, मो.सा.शी भांडलो, आणि मला वाटत होतं की त्यांना ते दिसतंय. त्यांना जे दिसलं त्यावरून त्यांनी ठरवलं की ह्या माणसाला सांगायचं नाही. सगळ्यांनी ठरवलं, आणि इतक्या महिन्यांत एकाचाही पाय घसरला नाही. ते चुकले असतील असं मला अजून प्रामाणिकपणे म्हणता येत नाही, कारण होळीला त्यांनी सांगितलं असतं तर मी खरंच वर लिहून कळवलं असतं.

आणखी काय काय सांगायचं नाही असं ठरलंय, ते मला माहीत नाही. उद्या सात वाजता पाळी सुरू होईल.